चाळिशी ओलांडलेल्या गाडीचा रोड टॅक्स: ब्रिटनमधली सूट आणि तिच्या अटी

ब्रिटनमध्ये दरवर्षी १ एप्रिलला जुन्या गाड्यांची एक अख्खी पिढी रोड टॅक्समाफीला पात्र ठरते. १ एप्रिल २०२५ रोजी १९८४ साली तयार झालेल्या गाड्यांची पाळी आली. १९८५ च्या गाड्यांसाठी ती तारीख १ एप्रिल २०२६. जुनी मिनी, मॉरिस मायनर, एमजीबी, आपल्या अॅम्बॅसेडरचं मूळ असलेली मॉरिस ऑक्सफर्ड, अशा गाड्या प्रेमाने सांभाळणाऱ्यांना या सवलतीचा मोठा आधार वाटतो.

पण या सवलतीबद्दल गैरसमजही पुष्कळ आहेत. गाडी चाळीस वर्षांची झाली की सगळं आपोआप माफ होतं, हा त्यातला सगळ्यात मोठा. खरं तर ही माफी म्हणजे सरकार आणि गाडीमालक यांच्यातला करार आहे. सरकार थोडं उत्पन्न सोडतं. त्या बदल्यात मालकाने ते यंत्र वारसा म्हणून जपायचं, त्यावर धंदा करायचा नाही आणि कागदपत्रं चोख ठेवायची. ब्रिटनमध्ये राहून अशी गाडी घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकाला हा करार नीट कळावा आणि इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला आपल्या नियमांशी तो ताडून पाहता यावा, यासाठी हा लेख.

सूट कोणत्या करातून?

ज्याला सगळे रोड टॅक्स म्हणतात, त्याचं कायद्यातलं नाव ‘व्हेईकल एक्साइज ड्यूटी’. आपल्याकडे खाजगी गाडीचा कर बहुधा नोंदणीच्या वेळी एकदाच भरला जातो. ब्रिटनमध्ये तो दरवर्षी भरावा लागतो. गाड्यांची नोंदणी आणि हा कर सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचं नाव डीव्हीएलए. त्याचं मुख्यालय वेल्समधल्या स्वान्सी शहरात आहे.

१ मार्च २००१ पासून नोंदलेल्या गाड्यांना कार्बन उत्सर्जन आणि नोंदणीची तारीख यांवरून कर लागतो. त्याआधीच्या मोटारींना मात्र इंजिनाच्या आकारावरून: १५४९ सीसीपर्यंत एक दर, त्यापुढे दुसरा. २०२५-२६ या वर्षासाठी हे दर अनुक्रमे २२० आणि ३६० पौंड होते. म्हणजे मोठ्या इंजिनाची जुनी गाडी वर्षातून मोजके रविवार बाहेर काढणाऱ्या माणसालाही एरवी वर्षाचा पूर्ण कर मोजावा लागतो. माफीचं मोल इथे कळतं. एप्रिल २०२५ पासून विजेवरच्या गाड्यांनाही ब्रिटनमध्ये हा कर लागू झाला, तरी जुन्या गाड्यांची माफी टिकून राहिली, हेही ध्यानात घेण्यासारखं आहे.

वय कसं मोजायचं?

नियम गाडी कधी तयार झाली हे पाहतो. ज्या वर्षी १ एप्रिल येतो, त्या वर्षाच्या १ जानेवारीला गाडीच्या बनावटीला चाळीस वर्षं पूर्ण झालेली असली पाहिजेत. सोपा हिशेब असा: बनावटीच्या सालात ४१ मिळवा, येणाऱ्या सालच्या १ एप्रिलपासून गाडी पात्र. १९८६ च्या डिसेंबरमध्ये उत्पादन थांबलेल्या फोर्ड कॅप्रीच्या शेवटच्या गाड्या या हिशेबाने १ एप्रिल २०२७ ला पात्र होतात.

याचा परिणाम असा की जानेवारी १९८५ मध्ये तयार झालेली गाडी सव्वाएक्केचाळीस वर्षांची होईपर्यंत कर भरते, तर त्याच वर्षी डिसेंबरात तयार झालेली गाडी चाळिशी ओलांडल्यावर तीन-चार महिन्यांतच सुटते.

बनावटीची नेमकी तारीख ठाऊक नसेल तर नोंदणीची तारीख धरतात. कारखान्यातून निघालेली गाडी नववर्षाच्या सुट्टीमुळे चार दिवस उशिरा नोंदली गेली असेल, हेही कायद्याने लक्षात घेतलं आहे. म्हणून ८ जानेवारी १९८५ पूर्वी पहिली नोंदणी झालेली गाडी १९८४ ची मानली जाते. पुढच्या वर्षांसाठीही हीच पद्धत.

गाडी डिसेंबरात बनली पण फेब्रुवारी-मार्चमध्ये नोंदली गेली, असंही होतं. अशा वेळी पुरावा मिळाला तर एक पूर्ण वर्षाचा कर वाचतो. अनेक ब्रिटिश कंपन्यांची जुनी उत्पादन-दप्तरं गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जपून ठेवलेली आहेत. चासी नंबर कळवून ठरलेलं शुल्क भरलं की तिथून बनावटीची तारीख असलेलं प्रमाणपत्र मिळतं. परदेशातून आणलेल्या गाडीलाही असाच पुरावा लागतो, कारण तिची ब्रिटनमधली नोंदणी बरीच नंतरची असू शकते.

मर्यादा बदलत गेली ती कशी

१९२१ पासून ब्रिटनमधल्या गाड्यांच्या काचेवर कर भरल्याची गोल कागदी चकती दिसू लागली. ती १ ऑक्टोबर २०१४ पर्यंत टिकली. आता कर भरला आहे की नाही, हे रस्त्यावरचे कॅमेरे नंबरप्लेट वाचून डीव्हीएलएच्या नोंदींवरून ताडतात.

जुन्या गाड्यांना माफी देण्याचा निर्णय नोव्हेंबर १९९५ च्या अर्थसंकल्पात झाला. तेव्हा केनेथ क्लार्क अर्थमंत्री होते. त्या वेळी मर्यादा पंचवीस वर्षांची होती आणि ती दरवर्षी एकेक साल पुढे सरकत होती. नंतर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने हे सरकणं थांबवलं. १ जानेवारी १९७३ पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच माफी राहिली. १९७२ ची गाडी करमुक्त आणि तिची जुळी बहीण शोभावी अशी १९७३ ची गाडी कायमची करपात्र, अशी विषमता त्यातून निर्माण झाली आणि पंधराहून अधिक वर्षं चालली. बाजारातल्या किमतींवरही तिचा परिणाम झाला.

जॉर्ज ऑस्बोर्न अर्थमंत्री असताना २०१३ च्या अर्थसंकल्पात ही रेषा एक वर्षाने पुढे नेण्याचं ठरलं आणि २०१४ मध्ये सरकती मर्यादा परत आली, पण पंचवीसऐवजी चाळीस वर्षांची. सरकती मर्यादा हीच न्याय्य पद्धत आहे, असं मला ठामपणे वाटतं. वारसा एका सालाशी थांबत नाही. आज साधी वाटणारी, घरोघरी दिसणारी गाडी तीस वर्षांनी मोजक्याच संख्येने उरते आणि तेव्हा तिची किंमत कळते.

कोणाला मिळते, कोणाला नाही?

मोटारी, मोटारसायकली, व्हॅन, ट्रॅक्टर या सगळ्यांना वयाच्या अटीवर ही माफी मिळू शकते. मुख्य अट वापराची आहे. गाडी भाड्याने किंवा मोबदला घेऊन चालवली जात असेल, उदाहरणार्थ टॅक्सी म्हणून, किंवा ती व्यापारधंद्यासाठी राबत असेल, तर वय कितीही असो, माफी नाही. करारातलं हे कलम मला अत्यंत योग्य वाटतं. सार्वजनिक तिजोरीतून दिलेली सवलत जतनासाठी आहे. कमाईचं साधन स्वस्त करण्यासाठी ती नाही.

रोजच्या खाजगी वापरावर मात्र बंदी नाही. चाळीस वर्षांची गाडी घेऊन कामावर जायला किंवा लांबच्या प्रवासाला निघायला कायद्याची आडकाठी नाही, आणि वर्षाकाठी किती मैल चालवायची यावरही या करात मर्यादा नाही.

अर्ज कसा करायचा?

पात्रता आली तरी माफी मागावी लागते. गाडीचा करवर्ग बदलून ‘हिस्टॉरिक व्हेईकल’ करून घेणं, हे त्यातलं मुख्य काम. पहिल्या वेळी ते ऑनलाइन होत नाही. वाहनकर स्वीकारणाऱ्या पोस्ट ऑफिसात जावं लागतं. सोबत न्यायची कागदपत्रं अशी:

– गाडीचं लॉगबुक, म्हणजे व्ही५सी. आपल्या आरसी बुकाचा हा ब्रिटिश भाऊ. ते आपल्या नावावर असलं पाहिजे.
– चालू एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणीचं, प्रमाणपत्र. गाडीला तपासणी लागू नसेल तर तसं जाहीर करणारा व्ही११२ हा फॉर्म.
– बनावटीच्या तारखेचा वेगळा पुरावा लागणार असेल तर तोही.

पोस्ट ऑफिस लॉगबुक डीव्हीएलएकडे पाठवतं आणि नव्या वर्गाची नोंद झालेलं लॉगबुक घरी येतं. ते आल्यावर त्यावरची नोंद एकदा नीट वाचा.

इथे पुष्कळ जण चुकतात. माफी मिळाली तरी गाडी दरवर्षी ‘टॅक्स’ करावीच लागते. भरायची रक्कम शून्य असते, पण नोंद नवी करावी लागते. पुढच्या वर्षांपासून हे काम ऑनलाइन होतं. ही नोंद केली नाही तर कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती गाडी कर न भरलेलीच ठरते. गाडी रस्त्यावर आणायचीच नसेल, गॅरेजात खोलून ठेवली असेल, तर ती रस्त्यावर नाही असं रीतसर कळवायचं असतं. त्याला तिकडे ‘सॉर्न’ म्हणतात.

एमओटीचा नियम वेगळा

एमओटी म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे की नाही याची वार्षिक तपासणी. करमाफी आणि एमओटीतून सूट या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, त्यांचं गणितही स्वतंत्र आहे.

२०१२ पासून १९६० पूर्वीच्या गाड्यांना एमओटीतून सूट होती. २० मे २०१८ पासून चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या बहुतेक गाड्यांना ती मिळाली. यासाठी १ एप्रिलची वाट पाहावी लागत नाही. पण अट एक आहे: गेल्या तीस वर्षांत गाडीत ‘मोठा बदल’ झालेला नसावा. चासी किंवा मूळ सांगाडा, अॅक्सल आणि चाकांकडची यंत्रणा, तसंच इंजिन, हे त्यात पाहतात. इंजिनातल्या सिलिंडरची संख्याच बदलली असेल तर तो मोठा बदल ठरण्याची शक्यता फार.

नियम आंधळा नाही. मूळ धाटणीचा सुटा भाग मिळतच नसल्यामुळे केलेला बदल, ते मॉडेल बाजारात असताना किंवा त्याचं उत्पादन थांबल्यावर दहा वर्षांच्या आत त्या काळी प्रचलित असलेला बदल, अॅक्सल किंवा चाकांकडच्या यंत्रणेत सुरक्षितता वाढवण्यासाठी केलेली सुधारणा, हे सगळं चालतं. बदल झाला नाही हे जाहीर करण्याची जबाबदारी मालकाची आहे. शंका असेल तर जाणकार माणसाचा सल्ला घेऊनच सही करावी.

सूट असली तरी गाडी सुस्थितीत ठेवण्याचं बंधन सुटत नाही. धोकादायक अवस्थेतली गाडी चालवल्यास अडीच हजार पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर तीन गुण लागू शकतात. म्हणून सूट असूनही वर्षातून एकदा स्वेच्छेने एमओटी करून घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन. वर्षभर उभ्या राहणाऱ्या गाडीचे ब्रेकचे पाइप गंजतात, रबर कडक होऊन तडकतं, टायर वरून नवे दिसत असले तरी आतून जुने होतात. मालकाच्या सवयीच्या नजरेतून हे निसटतं. तपासनीसाच्या नजरेतून सहसा निसटत नाही.

लंडनमध्ये गाडी नेताना

लंडनमध्ये प्रदूषण करणाऱ्या गाड्यांसाठी ‘युलेझ’ क्षेत्र आहे. ८ एप्रिल २०१९ रोजी ते मध्य लंडनमध्ये सुरू झालं आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सगळ्या विभागांत लागू झालं. निकषात न बसणाऱ्या मोटारीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात. ‘हिस्टॉरिक’ करवर्गातल्या गाड्यांना त्यातून सूट आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या माणसाला करमाफीपेक्षा हा फायदा मोठा वाटू शकतो. मात्र गाडी चाळीस वर्षांची आहे एवढं पुरत नाही, नोंदीत करवर्ग बदललेला असावा लागतो. मध्य लंडनमधला गर्दी-शुल्काचा, म्हणजे ‘कंजेशन चार्ज’चा, आकार निराळा; तो जुन्या गाडीलाही भरावा लागतो.

याच करवर्गामुळे आणखी एक हौस पुरी होते. १ जानेवारी १९८० पूर्वी बनलेल्या गाडीला, ती ‘हिस्टॉरिक’ वर्गात असेल तर, काळ्या पाटीवर रुपेरी अक्षरांची जुन्या पद्धतीची नंबरप्लेट लावता येते.

विकत घेणाऱ्याने काय पाहावं?

वाहनकर गाडीसोबत नव्या मालकाकडे जात नाही. गाडी करमुक्त असली तरी खरेदीनंतर स्वतःच्या नावाने शून्य रकमेची नोंद करूनच ती रस्त्यावर आणावी. त्याआधी विमा हवा, कारण विम्याला वयाची सूट नाही. जुन्या गाडीसाठी किंमत आधी ठरवून केलेला विमा घ्यावा. नाहीतर अपघातानंतर जुनाट गाडी म्हणून किरकोळ रक्कम हातात पडण्याचा धोका असतो. चासी नंबर, इंजिन नंबर आणि लॉगबुकातल्या नोंदी जुळतात का, ‘करमुक्त’ म्हणून जाहिरात केलेल्या गाडीचा करवर्ग खरोखर बदललेला आहे का, हे पैसे देण्याआधी तपासावं.

जर्मनी आणि आयर्लंडचा मार्ग

शेजारचे देश हाच हेतू निराळ्या वाटेने साधतात. आयर्लंडमध्ये तीस वर्षं पूर्ण झालेल्या मोटारीला वर्षाला ५६ युरो असा सरसकट कर आहे. जर्मनीतही मर्यादा तीस वर्षांची, पण तिथे तज्ज्ञ गाडी तपासून ती मूळ रूपात आणि चांगल्या अवस्थेत आहे असा दाखला देतो. तेव्हाच नंबराच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळतं आणि मोटारीला इंजिन कितीही मोठं असो, वर्षाला १९१.७३ युरो एवढाच कर बसतो. १९९७ पासून ही पद्धत चालू आहे. ब्रिटन वयाकडे पाहून पूर्ण माफी देतो, जर्मनी जतनाचा दर्जा तपासून सवलत देतो. हेतूला धरून असलेली पद्धत मला जर्मनीची वाटते, कारण तीत वर्षानुवर्षं मेहनत घेणाऱ्या मालकाची कदर होते.

महाराष्ट्रात काय आहे?

भारतात केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपात ठेवलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ते लागू आहेत. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेला नंबर मिळतो. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, पुढच्या नोंदणीचं ५ हजार, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर निघू शकते. ब्रिटनपेक्षा इथे वयाची अट दहा वर्षांनी जास्त आणि वापराची मुभा कितीतरी कमी आहे.

खरी अडचण पन्नाशीच्या आधीची आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. म्हणजे ब्रिटनमध्ये गाडी जुनी झाली म्हणून वेगळा भार पडत नाही आणि चाळिशीनंतर तो उतरतो. आपल्याकडे पंधराव्या वर्षानंतर भार वाढतो आणि वारसा म्हणून ओळख मिळायला पन्नासावं वर्ष उजाडावं लागतं. या पस्तीस वर्षांत बहुतेक गाड्या भंगारात जातात.

त्या गाड्या कोणत्या, हे आठवून पाहा. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी त्यांतली एक. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. १९७२ पासून आकुर्डीहून घरोघरी पोहोचलेल्या बजाज चेतकच्या सुरुवातीच्या स्कूटर्सनी आता कुठे पन्नाशी गाठली आहे, आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्या ग्राहकाच्या हाती पडलेल्या मारुती ८०० ला ती गाठायला २०३३ उजाडेल. त्या वर्षापर्यंत मूळ रूपातल्या, सुस्थितीतल्या किती गाड्या उरतील, हे आज आपण कोणते नियम करतो यावर अवलंबून आहे.

एक मागणी

जुन्या इंजिनांच्या धुराचा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली गाडी मैलामागे जास्त प्रदूषण करते. पण आठवड्यात एखाद्या वेळी निघणारी गाडी आणि रोज शहरभर फिरणारी गाडी यांचा एकूण भार सारखा नसतो, आणि नियमांनी हा फरक ओळखायला हवा.

वाहनांवरचा कर हा आपल्या राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. त्यामुळे तीस ते पन्नास वर्षांच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग करणं महाराष्ट्र सरकारला अवघड नाही. मूळ रूपाची तपासणी जर्मनीसारखी, धंद्याला बंदी ब्रिटनसारखी, पीयूसी आणि फिटनेस सक्तीचे, आणि या सगळ्या अटी पाळणाऱ्या मालकाला पर्यावरण करात सवलत, एवढं त्यात असलं तरी पुरे. महाराष्ट्रात घडलेल्या गाड्या महाराष्ट्रात जपायच्या असतील, तर त्यांच्या मालकांना पन्नासाव्या वर्षापर्यंत एकटं सोडून चालणार नाही.